वाचकांचे प्रश्न : विमानतळावरचं दुकान कायद्याला वेगळं दिसतं का?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तिथल्या दुकानांचा विषय वाढला. या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : विमानतळावरची दुकानदारी कायद्याने ‘स्वतंत्र बाजारपेठ’ मानली जाते, त्यामुळे तिथले भाव बाहेरच्या भावांशी तोलता येत नाहीत, असं एका चर्चेत ऐकलं. हे खरं आहे का? (खारघर)

पहिलं विधान अर्धं खरं आहे. दुसरं त्यातून निघतच नाही. बाजारपेठ वेगळी ठरली, तर तिथल्या विक्रेत्याला भावाचा जाब विचारणं उलट सोपं होतं.

स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये बाजारपेठांची तयार यादी नाही. ‘संबंधित बाजारपेठ’ प्रत्येक प्रकरणात नव्याने आखावी लागते आणि ती दोन अंगांनी आखतात. एक वस्तूचं अंग : ग्राहक या वस्तूऐवजी दुसरी कोणती घेईल? दुसरं जागेचं : ग्राहक इथून उठून दुसरीकडे जाईल का? जागेची कसोटी अशी, की त्या हद्दीत स्पर्धेची परिस्थिती एकसारखी असावी आणि शेजारच्या भागापेक्षा ती उघड वेगळी दिसावी. कोणत्या गोष्टी पाहायच्या ते कलम १९ च्या पोटकलम ६ आणि ७ मध्ये दिलं आहे. २०२३ च्या दुरुस्तीने पोटकलम ७ मध्ये दोन मुद्दे वाढवले : पर्याय बदलायला येणारा खर्च आणि ग्राहकांचे प्रकार. विमानतळासाठी हा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे. पाण्याची बाटली तीच, कंपनी तीच. पण सिक्युरिटी चेक ओलांडून गेटपाशी बसलेला, विमान सुटायला तासही न उरलेला माणूस हा रस्त्यावरच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळ्या प्रकारचा ग्राहक आहे, असा युक्तिवाद आता थेट कलमाच्या आधारे करता येतो.

आधीची उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. हैदराबाद विमानतळावर विमानांची लाइन मेंटेनन्सची (दोन उड्डाणांमधल्या तपासणी-दुरुस्तीची) कामं करणाऱ्या कंपनीने जागा नाकारल्याची तक्रार केली, तेव्हा २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या एकाच विमानतळावरच्या जागा आणि सुविधांची उपलब्धता ही बाजारपेठ धरून चौकशीचा आदेश दिला. म्हणजे एक विमानतळ ही एक बाजारपेठ असू शकते. रुग्णालयातली सिरिंज हे आणखी जवळचं उदाहरण. दिल्लीतल्या एका बड्या खासगी रुग्णालयात ॲडमिट असलेल्या रुग्णांना तिथल्याच फार्मसीत, बाहेरच्यापेक्षा बऱ्याच चढ्या किमतीची सिरिंज घ्यावी लागत होती. २०१८ मध्ये आयोगाने त्या रुग्णालयसमूहातल्या दिल्लीच्या इतर सुपरस्पेशालिटी रुग्णालयांपर्यंत चौकशी वाढवली. ॲडमिट झालेला रुग्ण बाहेर जाऊन भाव विचारत फिरू शकत नाही, हा त्यातला गाभा. याउलट मल्टिप्लेक्समधल्या शीतपेयाच्या वेगळ्या एमआरपीची तक्रार २०११ मध्ये टिकली नाही. सिनेमा दुसऱ्या थिएटरात पाहता येतो. विमान दुसऱ्या गेटवरून पकडता येत नाही. विमानतळाचं प्रकरण या दोन टोकांपैकी रुग्णालयाच्या बाजूला झुकतं, असं आमचं मत आहे. फक्त ते प्रत्येक वस्तूला सारखं लागू पडत नाही. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

कराच्या कायद्याला विमानतळातला एक भाग फार पूर्वीपासून वेगळा दिसतो. बंगळूर विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातली विक्री देशाची कस्टम हद्द ओलांडण्याआधीच होते, म्हणून तिच्यावर राज्याचा विक्रीकर लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. एप्रिल २०२३ मध्ये अशा दुकानांच्या भाड्यावरचा सेवाकरही याच तर्काने गेला. मात्र हे वेगळेपण ड्यूटी-फ्रीपुरतं आहे. देशांतर्गत टर्मिनलमधल्या पुस्तकाच्या, कपड्यांच्या किंवा चहाच्या दुकानाला ते लागू नाही. तिथे नेहमीचा जीएसटी आहे.

ग्राहक आणि वजनमापांच्या कायद्याला मात्र विमानतळ अजिबात वेगळा दिसत नाही. त्यामुळे ‘मान्यता आहे का?’ या प्रश्नावर आधी ‘कोणत्या कायद्यात?’ असं विचारायला हवं. एका कायद्यातलं वेगळेपण उचलून दुसऱ्या कायद्यात सवलत म्हणून वापरायचं, ही या विषयातली सर्रास होणारी गल्लत आहे.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. विमानतळावरची दुकानं वेगळी बाजारपेठ आहेत हे सिद्ध करायचं, तर पुरावा नेमका कसा गोळा करायचा? (ठाणे, नौपाडा)

आधी व्यवहार वेगळे करा. एका दुकानामागे तीन व्यवहार असतात : ब्रँड माल विकतो दुकान चालवणाऱ्या कंपनीला, विमानतळ जागा देतो त्याच कंपनीला, आणि कंपनी माल विकते प्रवाशाला. तिन्हींची बाजारपेठ वेगळी निघू शकते. जागेच्या टेंडरला देशभरातल्या आणि परदेशी कंपन्या बोली लावतात, म्हणून तिथली हद्द मोठी. तीच कंपनी एकदा आत बसली की प्रवाशापुरती हद्द टर्मिनलच्या भिंतींएवढी. अर्जात या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबल्या, की समोरचा वकील मोठी हद्द दाखवून मोकळा होतो.

आता कसोटी. एकच विक्रेता आहे असं समजा. त्याने भाव ५ ते १० टक्क्यांनी वाढवला आणि काही काळ तसाच ठेवला, तर पुरेसे ग्राहक दुसरीकडे वळून त्याची भाववाढ फसेल का? फसली तर बाजारपेठ त्याहून मोठी आहे. नाही फसली तर तेवढीच. २० रुपयांची बाटली २२ ला झाली म्हणून गेटपाशी बसलेला कोणी बाहेर जात नाही. बोर्डिंग पास घेऊन आत गेलेल्याला परत फिरणं शक्य असलं, तरी पुन्हा सिक्युरिटीची रांग आहे. परफ्यूमचं गणित निराळं. ते घेणारा बहुधा आधीपासून ठरवून आलेला असतो, वाशीच्या मॉलमधला आणि ऑनलाइन भाव त्याच्या मोबाइलवर असतो, आणि दुबईला उतरून घ्यायचा पर्यायही असतो. १० टक्क्यांनी महागलं तर तो हात आखडतो. म्हणून ‘विमानतळावरची सगळी किरकोळ विक्री’ अशी एकच बाजारपेठ मांडू नका. गरम खाणं आणि पाणी, अडीअडचणीच्या वस्तू (चार्जर, औषधं, लहान मुलांचं सामान), आणि ठरवून घ्यायच्या महागड्या वस्तू असे निदान तीन गट करा.

सुरक्षेचे नियमही पर्याय कमी-जास्त करतात, हे पुष्कळदा विसरलं जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही; आतल्या दुकानातून सीलबंद पिशवीत घेतलेली चालते. इथे नियमच बाहेरच्या दुकानदाराला स्पर्धेतून काढतो. घरून नेलेल्या पोळी-भाजीच्या डब्याला मात्र कोणी अडवत नाही, त्यामुळे ‘खाण्याला पर्यायच नव्हता’ हे विधान जपून करावं. त्याऐवजी, सलग दोन विमानं पकडणारे, लहान मुलं बरोबर असलेले आणि विमान लांबल्यामुळे अडकलेले प्रवासी किती, ते दाखवा.

या कसोटीत एक मोठी चूक होते. आजचा भाव आधीच चढा असेल, तर त्यावर आणखी १० टक्के धरल्यावर ग्राहक गळतातच आणि बाजारपेठ विनाकारण मोठी दिसू लागते. अमेरिकेत १९५६ च्या सेलोफेनच्या खटल्यापासून हा दोष प्रसिद्ध आहे. म्हणून वाढ आजच्या भावावर न धरता स्पर्धेतल्या भावावर धरायची. तो कुठून आणायचा? त्याच ब्रँडचं, त्याच मापाचं सामान विमानतळाबाहेरच्या निदान तीन-चार दुकानांत काय भावाने मिळतं, ते एकाच दिवशी बिलासकट नोंदवा. पंधरा-वीस वस्तू पुरतात. मॉडेल नंबर किंवा निव्वळ वजन जुळत नसेल तर ती ओळ काढून टाका. एका चुकीच्या ओळीवर बोट ठेवून समोरची बाजू पूर्ण तक्ता पाडते.

दुसरा भक्कम पुरावा जागेच्या करारात असतो. काही ठिकाणी करारातच ‘बाहेरच्या भावापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त नको’ अशी अट असते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या विमानतळांची पोर्ट ऑथॉरिटी बाहेरचा भाव अधिक जास्तीत जास्त १० टक्के, हा नियम लावते. अशी अट घालावी लागते यावरूनच कळतं, की आतली स्पर्धा भाव आपोआप खाली आणत नाही.

शेवटचं म्हणजे, बाजारपेठ आखून काम अर्धंच होतं. त्या बाजारपेठेत समोरच्याचं वर्चस्व आहे हे दाखवायचं, मग त्या वर्चस्वाचा गैरवापर दाखवायचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेच्या ट्यूबच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की कलम ४ (वर्चस्वाच्या गैरवापराचं कलम) खाली वागणुकीचा स्पर्धेवर झालेला परिणामही तपासावाच लागतो. नुसतं ‘महाग आहे’ पुरणार नाही.

प्रश्न : मुंबई आणि नवी मुंबई ही दोन्ही विमानतळं एकाच समूहाकडे आहेत. मग दोन्हींची मिळून एक बाजारपेठ धरायची का? (ऐरोली)

कोणाच्या नजरेने पाहता त्यावर आहे. नवी मुंबईच्या कंपनीत मुंबई विमानतळाच्या कंपनीचा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. ऐरोलीत बसून तिकीट काढणाऱ्याला दोन्ही विमानतळं पर्याय आहेत. तिकिटाच्या बाजारात ती एकत्र येऊ शकतात. पण तिकीट निघालं की दुकानापुरता पर्याय संपला. वडापाव कुठे स्वस्त आहे ते पाहून कोणी विमानतळ निवडत नाही. म्हणून प्रवाशाच्या बाजूने प्रत्येक विमानतळ, किंबहुना प्रत्येक टर्मिनल वेगळं. दुकानासाठी जागा शोधणाऱ्या कंपनीला मात्र दोन्ही पर्याय आहेत आणि दोन्हींचा घरमालक एकच. स्पर्धेची खरी काळजी तिथे करायला हवी.

दुकानांच्या उत्पन्नाशी तुमच्या तिकिटाचाही संबंध आहे, म्हणून हेही सांगतो. मोठ्या विमानतळांचे लँडिंग, पार्किंग आणि प्रवासी शुल्क विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. दुकानांचं भाडं ‘बिगर-वैमानिक’ उत्पन्नात मोडतं. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार त्यातले ३० टक्के शुल्क कमी करण्यासाठी धरले जातात. दुकानांतल्या वस्तूंच्या किमती मात्र हे प्राधिकरण ठरवत नाही. तिथे तक्रार पाठवून वेळ जातो.

प्रश्न : आमचा महिला बचत गट कोकम, पापड, चिवडा करतो. विमानतळावर स्टॉल मागितला तर सगळी जागा एका मोठ्या कंपनीला दिली आहे, तिच्याशी बोला, असं सांगतात. स्पर्धा आयोगाकडे जाता येईल का? (उलवे)

जाता येईल. ‘माहिती’ (आयोगाकडच्या तक्रारीला कायद्यात हेच नाव आहे) दाखल करायला स्वतः नुकसान झालेलं असणंही आवश्यक नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पण नुसतं ‘जागा एकालाच दिली’ एवढ्यावर प्रकरण उभं राहत नाही. कोणत्या अटींवर कोणाला जागा द्यायची, हा टेंडर काढणाऱ्याचा अधिकार आहे अशी आयोगाची भूमिका अनेक प्रकरणांत दिसते, आणि अशा तक्रारी पहिल्याच टप्प्यावर कलम २६(२) खाली बंद होतात. तग धरते ती तक्रार अशी : जागा रिकामी असूनही कारण न देता नाकारली, सारख्या दर्जाच्या दोघांना वेगळ्या अटी लावल्या, किंवा स्टॉल देताना ‘माल आमच्याच पुरवठादाराकडून घ्या’ अशी जोड-अट घातली.

म्हणून आधी कागद तयार करा. मागणी तोंडी ठेवू नका. किती चौरस फूट, सिक्युरिटीच्या आत की बाहेर, कोणती उत्पादनं, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक, महिन्याला किती माल देऊ शकता, हे लिहून विमानतळ कंपनी आणि मास्टर कन्सेशन (सगळ्या दुकानांच्या जागेचा एकत्रित ठेका) घेतलेली कंपनी या दोघांनाही पत्र द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र. मुळात कलम १९ ची माहिती तीन वर्षांच्या आत द्यायची असते. तारखा या पत्रांवरूनच मोजल्या जातील. अर्जात त्याच वादावर दुसऱ्या न्यायालयात काही चालू आहे का ते सांगावं लागतं. भरपाई आयोग देत नाही. ती पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे कलम ५३-एन खाली मागावी लागते.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ‘अवसर’ नावाची योजना आहे. तिच्यात बचत गटांना साधारण १०० ते २०० चौरस फुटांची जागा पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने मिळते. नवी मुंबई हा प्राधिकरणाचा विमानतळ नसल्यामुळे ती इथे आपोआप लागू होत नाही. पण सिडको हा राज्य सरकारचा उपक्रम इथे २६ टक्क्यांचा भागीदार आहे. अवसरच्या धर्तीवर पाळीची जागा मागणारं पत्र सिडकोला द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. गावांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या विमानतळात तिथल्या बायकांच्या मालाला एक टेबल मिळावं ही मागणी रास्त आहे आणि ती स्पर्धेच्या कायद्यापेक्षा या वाटेने लवकर पुढे सरकेल.

आणखी एक. ड्यूटी-फ्री दुकानाला माल पुरवायची संधी आली, तर ती ‘निर्यात’ समजून जीएसटी सोडू नका. भारतीय उत्पादकाने अशा दुकानाला दिलेला माल निर्यात ठरत नाही, असा निकाल मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कपड्यांच्या एका उत्पादकाच्या प्रकरणात दिला आहे. गटाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपुढे असेल तर भाव ठरवतानाच कर धरा.

प्रश्न : विमानतळावर बाटलीवर छापलेली एमआरपीच जास्त असते. याला काही उपाय आहे का? (वाशी)

आहे, पण बारकाईने पाहावं लागेल. एकाच पॅकबंद वस्तूवर अनुचित रीतीने दोन वेगळ्या एमआरपी छापायला वजनमापांच्या नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. कंपन्या यातून वाट काढतात ती वस्तू ‘एकच’ राहू न देता : माप ५०० ऐवजी ७५० मिलिलिटर, नाव थोडं निराळं, बाटलीचा आकार वेगळा. म्हणून बाहेरून तीच बाटली आणा आणि दोन लेबलं शेजारी ठेवून फोटो काढा. ब्रँड, निव्वळ माप, उत्पादकाचा पत्ता आणि पाण्याचा प्रकार जुळायला हवा. बॅच नंबर आणि तारीख फोटोत वाचता यायला हवी. बिल हवंच. यूपीआयचा मेसेज बिलाच्या जागी चालवू नका, त्यात वस्तूचं नाव नसतं.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर प्रकरण सोपं : दुकानाच्या काउंटरवर तसं करणं गुन्हा आहे. टेबलावर बसवून वाढणाऱ्या रेस्टॉरंटला मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोकळीक दिली आहे, कारण तिथे पाण्याबरोबर सेवाही विकली जाते. बिलावर ‘टेक-अवे’ आहे की ‘डाइन-इन’, ते पाहून घ्या; उभ्याने बाटली घेतलेल्याला ‘डाइन-इन’चं बिल दिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. चहा, सामोसा, सँडविच यांवर एमआरपी नसतेच, म्हणून हा नियम तिथे पोचत नाही. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘उडान यात्री कॅफे’त चहा १० रुपयांना आणि सामोसा २० रुपयांना ठेवला होता, तो सरकारच्या निर्णयाने; कायद्याने तसं कोणाला बांधलेलं नाही.

तक्रारीची पहिली पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. वजनमाप खात्याकडे जाताना लक्षात घ्या, विमानतळाचं नाव नवी मुंबई असलं तरी तो पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. विक्री तिथे झाली म्हणून तक्रार रायगडच्या कार्यालयाकडे. ग्राहक आयोगाचं तसं नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही दाद मागता येते, त्यामुळे वाशीकरांना ठाणे जिल्हा आयोग चालतो. मुदत दोन वर्षं, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

प्रश्न : परदेशाहून येताना भारतात उतरल्यावर ड्यूटी-फ्रीमधून घेतलेलं सामान करमाफीच्या मर्यादेत धरतात का? (घोडबंदर रोड)

धरतात. दारू २ लिटर आणि सिगारेटी १०० ही मर्यादा माणशी एकूण आहे. परदेशातून आणलेलं आणि इथे उतरल्यावर घेतलेलं मिळून. रुपयांतली सर्वसाधारण मर्यादा सरकार बदलत असतं, म्हणून ती प्रवासाच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर पाहा. दुकानदार पासपोर्ट आणि बोर्डिंग पास नोंदवतो. बिल ग्रीन चॅनल ओलांडेपर्यंत हातात ठेवा आणि कनेक्टिंग विमान असेल तर सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका.